आधी तळ, मग रंग

ऑक्टोबर उजाडला की अमेरिकेतल्या तळ्याकाठच्या गावांत घरोघरच्या अंगणात बोटी विक्रीला लागतात. उन्हाळा सरलेला असतो, पाणी गारठू लागलेले असते आणि पुढचे पाच-सहा महिने हे धूड ठेवायचे कुठे, हा प्रश्न मालकाला पडलेला असतो. त्यात एखादी चाळीस वर्षांची स्की-बोट धुऊनपुसून, मेण लावून ट्रेलरवर उभी केलेली दिसते. नवखे गिऱ्हाईक आधी रंग बघते, मग सीटवरून हात फिरवते, मग इंजिन चालू करून दाखवा म्हणते. मुरलेले गिऱ्हाईक खिशातून छोटी हातोडी काढते, बोटीत चढते, इंजिनाचे झाकण उघडून गुडघ्यांवर बसते आणि इंजिन ज्या लांब पट्ट्यांवर टेकलेले असते त्यांच्यावर ठोकत जाते. खणखणीत आवाज आला तर पुढची बोलणी. बद्द, भिजका आवाज आला तर किंमत निम्म्यावर आणायची, नाहीतर आल्या वाटेने परत फिरायचे.

जुनी स्की-बोट विकत घ्यायची आणि घरच्या गॅरेजमध्ये ती पुन्हा उभी करायची, हा नाद तिकडे पुष्कळांना आहे. जुन्या मोटारी किंवा मोटारसायकली दुरुस्त करणाऱ्यांच्याच जातकुळीतली ही माणसे. फरक एवढाच की मोटारीचा गंज डोळ्यांना दिसतो. या बोटीचे दुखणे फरशीखाली, फायबरच्या आवरणात झाकलेले असते. त्यामुळे कामाचा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात कष्टाचा भाग असा असतो, की तो पुरा झाल्यावर कुणाला दिसतही नाही.

फळ्या, कपड्यांचा हंडा आणि १९२२ सालचा उन्हाळा

या बोटी ज्यासाठी बनतात त्या पाण्यावरच्या स्कीइंगची सुरुवात झाली मिनेसोटा राज्यातल्या लेक सिटी या गावी, लेक पेपिन नावाच्या तळ्यावर. राल्फ सॅम्युएलसन हा जेमतेम अठरा वर्षांचा तरुण. बर्फावर घसरता येते तर पाण्यावर का नाही, या एका प्रश्नाने त्याला पछाडले. आधी त्याने पिंपाच्या लाकडी पट्ट्या पायाला बांधून पाहिल्या, मग बर्फावरच्या स्की वापरून पाहिल्या. दोन्ही वेळा तो पाण्यात गेला. शेवटी त्याने आठ फूट लांब आणि नऊ इंच रुंद अशा दोन फळ्या घेतल्या, त्यांची टोके आईच्या तांब्याच्या हंड्यात उकळून मऊ केली आणि वर वाकवली. ओढायला भाऊ बेनची मोटारबोट होती आणि दोरी म्हणून खिडकीच्या चौकटीला लावतात तसली दोरी. स्कीची टोके पाण्याबाहेर ठेवून मागे रेलले की माणूस वर येतो, हे त्याला २ जुलै १९२२ रोजी उमगले. दुसऱ्याच दिवशी त्याचा एकोणिसावा वाढदिवस होता. त्याने या शोधाचे पेटंट घेतले नाही. या खेळाचा जनक म्हणून अमेरिकन वॉटर स्की असोसिएशनने त्याला मान्यता दिली तीसुद्धा १९६६ मध्ये, म्हणजे चव्वेचाळीस वर्षांनी.

खेळ वाढला तो फ्लोरिडात. सायप्रेस गार्डन्स या उद्यानातले स्कीचे खेळ बघायला देशभरातून माणसे येऊ लागली. चालकाला बोट मिळेल ती चालायची. स्कीवरच्या माणसाला मात्र साध्या बोटीचा त्रास होऊ लागला. बोट वेगाने जाते तेव्हा तिच्यामागे लाटांची एक उंच घडी उठते. स्कीवरचा खेळाडू या बाजूहून त्या बाजूला जाताना प्रत्येक वेळी ती घडी ओलांडतो. घडी उंच असेल तर तो उडतो आणि तोंडावर आपटतो. शिवाय तो कडेला झुकून दोरीला हिसका देतो तेव्हा बोटीचे तोंडही फिरते.

मायामीत स्कीइंग शिकवणारे लिओ बेंट्झ यांनी यावर उपाय म्हणून फायबरग्लासची एक बोट तयार केली आणि तिचे नाव ठेवले 'स्की नॉटिक'. १९६१ मध्ये तिचा साचा आणि नाव फ्लोरिडातल्याच करेक्ट क्राफ्ट या कंपनीने घेतले. डब्ल्यू. सी. मेलून यांनी १९२५ मध्ये सुरू केलेली ही कंपनी त्या काळात कर्जाने वाकली होती. या बोटीने तिला हात दिला. पुढे १९६८ मध्ये टेनेसी राज्यातल्या मेरीव्हिल इथे रॉब शर्ली यांनी घोड्यांच्या तबेल्यात पहिली 'मास्टरक्राफ्ट' बनवली. तेव्हापासून या दोन नावांची चढाओढ चालू आहे. घरी दुरुस्तीला येणाऱ्या जुन्या बोटींत बहुतेक वेळा हीच दोन नावे दिसतात.

साधी बोट आणि स्की-बोट

स्की-बोटीची रचना पाहिली की दुरुस्तीतली अर्धी गुंतागुंत कळते. तिचे इंजिन मागे नसते, बोटीच्या मधोमध असते. त्याच्याजवळच एक जाड खांब उभा असतो. दोरी बांधायची ती त्यालाच. ओढ बोटीच्या मध्याजवळ बसते म्हणून खेळाडूने कितीही हिसका दिला तरी बोट आपली वाट फारशी सोडत नाही. इंजिनातून निघालेला शाफ्ट तळाला भोक पाडून तिरका खाली उतरतो आणि त्याच्या टोकाला पंखा असतो. पंखा बोटीच्या पोटाखाली राहतो, त्यामुळे मागे पाण्यात असलेल्या माणसापासून तो लांब असतो. तळाला बसवलेले छोटे धातूचे पर बोटीला सरळ धरून ठेवतात.

स्पर्धेतला हिशेब मोठा काटेकोर असतो. स्लॅलम या प्रकारात २५९ मीटरच्या मार्गावर सहा तरंगत्या खुणांना वळसे घालायचे असतात. पुरुषांच्या सर्वोच्च गटात बोटीचा वेग ताशी ५८ किलोमीटर असतो, म्हणजे सगळा खेळ सोळा सेकंदांत आटोपतो. तेवढ्या वेळात बोट रेषेवरून हलता कामा नये. तळाचा आकार जराही बिघडला तर लाटांची घडी बदलते, बोट नाक वर करते किंवा खाली घालते. तळाचा घाट टिकवण्यासाठी दुरुस्तीत एवढा आटापिटा करतात तो याच कारणाने.

लाकूड कुजते कसे

फायबरची बोट म्हटल्यावर ती कुजेल कशी, असे कुणालाही वाटेल. पण जुन्या फायबरच्या बोटींच्या पोटात लाकूड होते. तळाला नुसते फायबर असले तर ते लाटांच्या माऱ्याने लवते. म्हणून नाळेकडून मागच्या फळीपर्यंत लांबच लांब लाकडी पट्ट्या टाकत आणि त्यांच्यावर फायबरचे वेष्टण चढवत. यांनाच स्ट्रिंगर म्हणतात. इंजिन बसते यांच्यावरच. फरशी टेकते यांच्यावरच. बोटीला ताठपणा मिळतो तोही यांच्यामुळे.

कारखान्यातून बोट बाहेर पडते तेव्हा लाकूड चहूबाजूंनी बंद असते. मग त्यात खिळे-स्क्रू जातात. इंजिनाचे जाड स्क्रू थेट या लाकडात पिळलेले असतात, फरशीचे आणि सीटचे स्क्रूही तिथेच जातात. प्रत्येक स्क्रू म्हणजे पाण्याला एक वाट. स्कीवाले ओलेते बोटीत चढतात, पावसाचे पाणी साठते, शाफ्टच्या भोकातून थेंब गळतात. हे पाणी तळाला उतरते, स्क्रूच्या कडेने लाकडात शिरते आणि आत गेलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाव नसतो. हवा थोडी, ओल कायमची, बुरशीला आणखी काय हवे? दहा-वीस वर्षांत आतले लाकूड काळे पडते आणि बोटाने चुरता येते. बाहेरचे फायबरचे वेष्टण मात्र जसेच्या तसे उभे राहते.

त्यात भर पडते फोमची. १९७० च्या दशकात अमेरिकी तटरक्षक दलाने छोट्या बोटींसाठी, म्हणजे वीस फुटांच्या आतल्या, असे नियम केले की त्यांत पाणी भरले तरी त्या तरंगत राहिल्या पाहिजेत. त्यासाठी फरशीखालच्या पोकळीत पॉलियुरेथेनचा फोम ओतत. हा फोम पाणी शोषत नाही, असे कागदावर असते. वर्षानुवर्षे ओलीत राहिला की त्याच्या बारीक पेशी फुटतात आणि तो पाणी धरू लागतो. भिजलेला फोम स्ट्रिंगरला दोन्ही बाजूंनी चिकटून बसतो आणि लाकूड कधीच वाळू देत नाही. जुनी बोट ट्रेलरसकट वजनकाट्यावर नेली आणि ट्रेलरचे वजन वजा करूनही कंपनीने दिलेल्या वजनापेक्षा ती शेकडो पौंडांनी जड भरली, तर ते वजन बहुधा पाण्याचेच असते.

आपल्याकडे कोकण किनाऱ्यावर लाकडी होडीवर फायबरचा थर चढवून घेण्याची पद्धत आहे. तिथल्या कारागिरांनाही हे दुखणे ओळखीचे वाटेल. लाकूड नीट वाळण्याआधी घाईने थर दिला, किंवा थराला एखादी चीर पडून ती तशीच राहिली, तर आतली ओल आतच कोंडते. अमेरिकी कंपन्यांनी अखेर लाकडालाच रजा दिली. करेक्ट क्राफ्टने १९९३ च्या मॉडेलपासून स्ट्रिंगरमधले लाकूड काढून टाकले. म्हणून जुनी नॉटिक घेताना १९९३ हे साल खरेदीदारांच्या बोलण्यात हमखास येते.

फरशी उघडल्यावर

काम सुरू होते ते कॅमेऱ्याने. प्रत्येक तार, प्रत्येक नळी, प्रत्येक जोड सुटण्याआधी फोटो काढून ठेवायचा. नटबोल्ट पिशव्यांत भरून चिठ्ठी लावायची. सीट, डॅशबोर्ड, पेट्रोलची टाकी बाहेर येते. मग चेन पुली लावून इंजिन उचलतात. कुजक्या बोटीत हे काम फसवे सोपे असते. इंजिनाच्या पायांचे जाड स्क्रू पान्याने फिरवायला जावे, तर काही हातानेच उपटून निघतात. लाकूडच उरलेले नसते, तर ते धरून काय ठेवणार?

फरशी कापताना करवतीचे पाते मोजके बाहेर काढायचे. ते खोल गेले तर तळालाच भोक पडायचे. फरशीची पाटी उचलली की खाली पिवळट फोम दिसतो. वरचा थर कोरडा असतो. फावड्याच्या धारेने किंवा मोठ्या पटाशीने खाली उतरत जावे तसतसा तो जड होत जातो. सगळ्यात खालचा थर पिळला तर हातातून पाणी गळते. कचऱ्याच्या पिशव्या भरतच जातात.

यापुढे सावधगिरीचा भाग येतो. स्ट्रिंगर काढले की तळ पत्र्यासारखा लवचीक होतो आणि ट्रेलरच्या दोन फळ्यांवर टेकून टेकून त्याला पोक येऊ शकते. त्या पोकासकट नवे स्ट्रिंगर बसले तर वाकडेपणा कायमचा. म्हणून बोट आधी समतल करून खालून अनेक ठिकाणी टेकू देतात, आरपार दोऱ्या ताणून खुणा करतात आणि सगळे स्ट्रिंगर एकदम न काढता आळीपाळीने काढतात. जुन्या स्ट्रिंगरची उंची इंजिनाच्या जागी नेमकी मोजून ठेवणे अत्यावश्यक असते. ती चुकली तर शाफ्टला इंजिन कधीच जुळत नाही.

जुन्या लाकडाची जागा बहुतेक जण डग्लस फरला देतात. काही जण लाकडाच्या वाटेलाच न जाता कृत्रिम फळ्या वापरतात. आधी खोक्याच्या पुठ्ठ्याचा साचा करून तो तळाच्या वळणाशी तंतोतंत जुळवायचा, मग त्यावरून फळी कापायची. जुना तळ जाड पॉलिश पेपरने घासून खरखरीत केल्याशिवाय आणि अ‍ॅसिटोनने पुसल्याशिवाय त्यावर काही चिकटत नाही. फळी नुसती तळावर टेकवायची नसते. घट्ट केलेल्या रेझिनच्या गादीवर बसवायची असते. तळ आणि फळी मिळतात तो कोपरा त्याच लगद्याने गोल करून घेतात. काचेचे कापड काटकोनात नीट बसत नाही, तिथे हवेची पोकळी राहते आणि पुढे तडा तिथूनच जातो. मग एकावर एक कापडाचे थर चढतात. प्रत्येक नवा थर आधीच्यापेक्षा थोडा रुंद असतो, त्यामुळे भार एका रेषेवर न येता पसरतो.

रेझिन कोणते, यावर दोन तट आहेत. कारखान्यांनी पॉलिएस्टर वापरले. ते स्वस्त आहे आणि लवकर घट्ट होते. एपॉक्सी महाग, पण जुन्या पृष्ठभागाला आणि लाकडाला ती जास्त पक्की धरते, म्हणून घरी दुरुस्ती करणारे पुष्कळ जण तिच्याकडे वळतात. तिथेही एक खोच आहे. साध्या मॅटमधले धागे ज्या चिकट्याने बांधलेले असतात, तो चिकटा पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनने विरघळतो, एपॉक्सीने विरघळत नाही. त्यामुळे एपॉक्सीसोबत शिवलेले कापड घ्यावे लागते. हार्डनर मिसळल्यावर भांड्यात रेझिन साठवून ठेवले तर ते स्वतःच्याच उष्णतेने तापते, त्यातून धूर निघतो. म्हणून थोडे कालवायचे आणि लगेच पसरवायचे.

या सगळ्यात अंगाला खाज सुटते ती वेगळीच. घासलेल्या फायबरची धूळ कातडीत रुतते, फुप्फुसात गेली तर आणखी वाईट. घासताना धुळीचा आणि रेझिन लावताना वाफांचा गाळणी असलेला मुखवटा घालावाच लागतो. तोंडाला रुमाल बांधून हे काम होत नाही.

नव्या फरशीखाली फोम पुन्हा भरायचा की नाही, हा या मंडळींचा कधीच न मिटणारा वाद आहे. न भरणारे म्हणतात, पुन्हा पाणी साठेल. भरणारे विचारतात, बोटीत पाणी शिरले तर तरंगणार कशावर? वाद तळ्याकाठी रंगत राहतो, पण सुरक्षिततेच्या बाजूने पाहिले तर भरणाऱ्यांचे म्हणणे अधिक वजनदार आहे. पाण्याचा निचरा होईल अशा वाटा ठेवून फोम भरता येतो.

उलटे फिरणारे इंजिन

सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या स्की-बोटींचे इंजिन बहुधा मोटारीचेच असते. फोर्डचे ३५१ घन इंचांचे, म्हणजे सुमारे ५.८ लिटरचे व्ही-८ इंजिन पीसीएमसारख्या कंपन्या समुद्री वापरासाठी बदलून पुरवत. यामुळे घरी दुरुस्ती करणाऱ्याला मोठा दिलासा असतो: पिस्टन, गॅस्केट, स्पार्क प्लग असे कितीतरी भाग अजूनही मिळतात.

पण मोटारीच्या दुकानातला प्रत्येक भाग चालत नाही. मोटारीत गळलेले पेट्रोल खाली रस्त्यावर पडते. बोटीत ते तळाला साठते आणि त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे तिथेच राहते. त्यात एक ठिणगी पडली की बोट गेली. म्हणून बोटीचा स्टार्टर, अल्टरनेटर आणि डिस्ट्रिब्युटर असे बनवलेले असतात की त्यांच्या आतली ठिणगी बाहेर येत नाही. कार्ब्युरेटरही वेगळा असतो: त्यातून जादा पेट्रोल सांडले तर ते बाहेर न पडता इंजिनातच जाते. इंजिन चालू करण्याआधी चार मिनिटे पंखा लावून आतली हवा बाहेर काढायची, ही सूचना बोटींवर चिकटवलेली असते. पैसे वाचवायला मोटारीचा स्टार्टर बसवणारे महाभाग दरवर्षी निघतात.

दुसरा सापळा फिरण्याच्या दिशेचा. काही जुन्या स्की-बोटींत इंजिन मोटारीच्या उलट दिशेने फिरते. बाहेरून पाहिले तर काहीच कळत नाही. पण त्याचा स्टार्टर, कॅमशाफ्ट, ऑइल सील आणि स्पार्क प्लगच्या तारांचा क्रम हे सगळे वेगळे असते. सरळ फिरणाऱ्या इंजिनाचे भाग त्यात बसवले तर ते बसतात, पण इंजिन चालत नाही. भाग मागवण्याआधी इंजिनावरची पाटी वाचायची ती यासाठी.

आणि थंडी. या इंजिनांना रेडिएटर नसतो. एक पंप तळ्याचे पाणी खेचतो, ते इंजिनातून फिरते आणि धुराबरोबर बाहेर पडते. पंपातले रबरी चक्र पाण्याशिवाय चालवले तर लवकरच जळून जाते, म्हणून गॅरेजमध्ये इंजिन चालवून पाहताना त्याला पाण्याच्या पिंपातून पाणी द्यावे लागते. हिवाळ्यात इंजिनातले पाणी काढून टाकायला विसरले तर त्याचा बर्फ होतो, तो नऊ टक्क्यांच्या आसपास फुगतो आणि लोखंडी ब्लॉकला चीर पाडतो. चीर पडलेल्या इंजिनात पाणी तेलात मिसळते आणि तेल दुधाळ दिसते. म्हणूनच अनुभवी खरेदीदार तेलाची दांडी काढून पाहिल्याशिवाय पुढे जात नाहीत.

तीन हजारांश इंच

नव्या पट्ट्यांवर इंजिन परत बसवले की सगळ्यात नाजूक काम उरते. इंजिनाच्या मागच्या चकतीला शाफ्टची चकती जोडायची असते. दोन्ही चकत्या अगदी समांतर हव्यात. जवळ आणून त्यांच्या मधल्या फटीत वर, खाली, डावीकडे आणि उजवीकडे फीलर गेज सरकवतात. चारही जागी मिळालेल्या मापांत तीन हजारांश इंचापेक्षा जास्त फरक चालत नाही, म्हणजे साधारण माणसाच्या एका केसाच्या जाडीएवढा. फरक असेल तर इंजिनाच्या पायांचे नट अर्ध्या अर्ध्या फेऱ्याने फिरवायचे, पुन्हा मोजायचे. एक बाजू जुळली की दुसरी बिघडते. धीर सुटणाऱ्याचे हे काम नाही.

बरे, गॅरेजमध्ये जुळलेले माप पाण्यात तसेच राहील असेही नाही. ट्रेलरवर तळ एका आकारात असतो, पाण्यावर थोडा वेगळा बसतो. म्हणून बोट पाण्यात सोडून, थोडी स्थिरावू देऊन शेवटचे माप तिथेच घेतात. शाफ्ट तळातून बाहेर जातो तिथे मेणात भिजवलेल्या दोरीचे पॅकिंग असते. तेही इथेच जुळवायचे. फार आवळले तर शाफ्ट तापतो आणि झिजतो. फार सैल ठेवले तर पाणी आत येते. बोट चालू असताना मधूनमधून एखादा थेंब पडायला हवा. कोरडा ठक्क राहिला तर पॅकिंग जास्त आवळलेले आहे असे समजावे.

रंग, सीट आणि झगमग

एवढे झाल्यावर डोळ्यांना सुखावणारे काम येते. फायबरच्या बोटीचा बाहेरचा रंग म्हणजे जेलकोट. तो अर्धा मिलिमीटरच्या आसपास जाड असतो. उन्हाने तो फिका पडला, पांढरट झाला, तरी खाली चांगला रंग असतो. पाणी लावून आधी जाडसर, मग बारीक आणि आणखी बारीक पॉलिश पेपरने घासायचे, मग कंपाउंड, मग मेण. सत्तरच्या दशकातल्या काही बोटींच्या जेलकोटमध्ये चमकीचे कण मिसळलेले आहेत. उन्हात त्या बोटी जत्रेतल्या पाळण्यासारख्या लखलखतात आणि त्यांची किंमतही त्याच हिशेबाने चढते. पण चमकी घासताना जपावे लागते. वरचा पारदर्शक थर संपला की कण उघडे पडतात.

सीटची जुनी आवरणे उसवून त्यांच्यावरूनच नव्या कापडाचे माप घेतात. कापड उन्हाला आणि पाण्याला टिकणारे विनाइल, शिलाई सुती दोऱ्याने नव्हे तर पॉलिएस्टर दोऱ्याने, आणि ठोकायच्या पिना स्टेनलेस स्टीलच्या. साध्या पिना एका हंगामात गंजतात आणि पांढऱ्या विनाइलवर तांबडे डाग पाडतात. सीटखालची प्लायवुडची फळी पुष्कळ जण प्लास्टिकच्या फळीने बदलतात.

परवडते का?

हिशेब मांडला तर नाही. रेझिन, कापड, लाकूड, इंजिनाचे काम, विनाइल यांची बेरीज केली आणि त्यात स्वतःच्या श्रमाचे पैसे धरले, तर बोट नीट झाल्यावर तिची जी किंमत येते त्याच्या पुढे खर्च जातो. तरी लोक करतात, कारण या बोटी दुरुस्त होण्याजोग्या आहेत. त्यांच्यात संगणक नाही, बंद खोकी नाहीत. तारा मोजक्या, इंजिन ओळखीचे, आणि प्रत्येक भाग हाताने उघडता येतो. स्पर्धेच्या नव्या बोटींत ते सुख नाही. त्या बहुतांशी इलेक्ट्रॉनिक यंत्रणेवर चालतात आणि त्यांच्या किमती सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर आहेत. फरशीखालचे लाकूड बदललेली, इंजिन नीट जुळवलेली १९८० च्या दशकातली 'स्की नॉटिक २००१' मात्र आजही तळ्यावर आपले काम चोख करते.

अमेरिकेत तळ्याच्या आसपास राहणाऱ्या, हाताशी गॅरेज असलेल्या मराठी घरांतल्या कुणाला हा नाद खुणावत असेल, तर काही गोष्टी आधीच कराव्यात. मालकाची परवानगी घेऊन स्ट्रिंगरवर हातोडी मारावी, इंजिनाचे स्क्रू पान्याने आवळून पाहावेत, जमल्यास छोटेसे भोक पाडून लाकडाचा भुसा कोरडा निघतो की काळा, हे पाहावे. बोटीच्या मागच्या बाजूला कोरलेला बारा अक्षरांचा क्रमांक कागदपत्रांशी ताडून घ्यावा. नोव्हेंबर १९७२ पासून अमेरिकेत तो सक्तीचा आहे. त्याची पहिली तीन अक्षरे कंपनी सांगतात आणि शेवटची अक्षरे साल. तेल दुधाळ दिसले, किंवा मागच्या हिवाळ्यात इंजिनातले पाणी काढले होते का, या प्रश्नावर मालक चाचरला, तर तो सौदा सोडावा.

लाकूड ओले निघाले आणि तरीही बोट आवडली, तर एक गोष्ट लक्षात असू द्यावी. हे काम एका उन्हाळ्यात होत नाही. त्यासाठी छप्पर असलेली, ऊब ठेवता येईल अशी जागा हवी आणि घरच्यांचा होकार हवा. यातले काहीही नसेल, तर १९९३ नंतरची नॉटिक घ्यावी आणि पुढच्या मे महिन्यात सरळ पाण्यावर जावे.